अपुरा कोड टेस्टरच्या हाती केव्हा द्यावा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानावर नव्याने नोकरीला लागणाऱ्या संगणक अभियंत्यांसाठी काही सूचना आल्या होत्या. बहुतेक चांगल्या आहेत. एकीबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. काम पूर्ण होऊन स्वतःची खात्री पटल्याखेरीज ते डेव्हलपमेंट ब्रँचवर टाकू नये, असे तीत म्हटले होते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. गडहिंग्लजला राहते आणि दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान कंपनीत काम करते. ही सूचना जशीच्या तशी पाळणारी मुले माझ्या शेजारच्या टेबलांवर बसतात आणि त्यातून होणारे नुकसान आम्ही सगळे मिळून निस्तरतो. उलट टोकाची सवयही तितकीच वाईट. दिवसभरात जे काही टाइप झाले ते संध्याकाळी निघताना पुश करायचे, म्हणजे सगळ्यांच्या ब्रँचवर टाकायचे, आणि मोकळे व्हायचे. अपुरा कोड सगळ्यांच्या ब्रँचवर कधी यावा याचे उत्तर या दोन सवयींच्या मधे कुठेतरी आहे, आणि ते कामाकामाप्रमाणे बदलते. त्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे.

जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडेसे. प्रत्येक प्रोग्रामर आपापल्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या स्वतःच्या प्रतीवर काम करतो. सगळ्यांचे काम एकत्र येते ती डेव्हलपमेंट ब्रँच. टेस्टर तिथला कोड घेऊन चाचण्या करतो, आणि तिथून तावून सुलाखून निघालेले मुख्य ब्रँचवर जाते, तेच ग्राहकाकडे बसवले जाते. हे सगळे सांभाळणारे गिट हे साधन लिनस टॉरवल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिले. वेगळी 'डेव्हलप' ब्रँच ठेवण्याची पद्धत व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी 2010 मध्ये मांडली आणि ती जगभर पसरली. दहा वर्षांनी त्यांनीच लिहिले की, सतत बदलत राहणाऱ्या वेबसाइटींना एवढ्या पसाऱ्याची गरज नाही. ज्यांच्या अनेक आवृत्त्या ग्राहकांकडे एकाच वेळी चालू असतात, त्यांना ती पद्धत अजूनही बरी. आमचे तसेच आहे. गावोगावच्या संस्थांमध्ये वेगवेगळ्या आवृत्त्या चालू असतात, कुठे इंटरनेट धड नसते. त्यामुळे डेव्हलपमेंट ब्रँच आम्हाला हवीच.

आमच्या सॉफ्टवेअरचे काम सांगायला सोपे आहे. संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध येते, वजन होते, मशीन फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) दाखवते, ते आकडे केबलमधून संगणकात येतात, दरपत्रकावरून लिटरचा दर निघतो आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचे बिल होते. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा पाया धरून एकेका पॉइंटला दर वर-खाली होतो. बिलातून पशुखाद्य, ॲडव्हान्स यांची कपात होते. लोकांच्या घरखर्चाचा पैसा आहे हा. बिल हातात पडल्यावर बायका रस्त्यातच उभ्या राहून लिटर जुळवून पाहतात.

नवे दरपत्रक करायचे काम एका हुशार मुलाकडे होते. त्याने ते बरेच आठवडे स्वतःच्याच ब्रँचवर ठेवले. विचारले की म्हणायचा, "मॅडम, अजून फिनिशिंग बाकी आहे." आले तेव्हा खरोखर देखणे होते. रंगीत तक्ता, एक्सेलमधून दर उचलण्याची सोय, दूध संघाला पाठवायचा अहवाल, उत्पादकाला एसएमएस. मी पहिली चाचणी लावली ती अशी: 11 तारखेच्या संध्याकाळच्या संकलनापासून नवा दर. ती चाललीच नाही. त्याने दर तारखेला बांधला होता, एका तारखेला एकच दर. आमच्याकडे येणारी परिपत्रके मात्र कधी सकाळपासून, कधी 'अमुक तारखेच्या संध्याकाळपासून' अशी असतात. हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि विचारावे असेही काही त्याच्यासमोर आले नव्हते. मग डेटाबेसमधल्या टेबलाची रचनाच बदलली, आणि तिच्यावर उभे केलेले तक्ते, अहवाल, एसएमएस सगळे पुन्हा करावे लागले. मुलगा अक्षरशः खचला. त्याच्यात कमतरता काहीच नव्हती.

त्याने पहिल्याच आठवड्यात ते टेबल आणि दर काढणारे एक फंक्शन एवढेच आणून दिले असते, एकही स्क्रीन नसताना, तरी मी चार आकडे घालून एका दुपारात ही अडचण त्याला दाखवली असती. घराचा स्लॅब ओतण्याआधी इंजिनिअर येऊन सळया आणि विजेच्या पाइपा बघून जातो. गिलावा आणि रंग झाल्यावर त्याला बोलावून उपयोग नसतो. कोडच्या पायाच्या चुकाही पाया उघडा असतानाच सापडतात. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते की, ज्या भागावर पुढचे सगळे उभे राहणार आहे, तो भाग कितीही ओबडधोबड असला तरी सगळ्यात आधी द्या. सजावट शेवटी.

लांबवलेल्या कामाचे काय होते ते लिनक्सच्या लोकांनीही अनुभवले आहे. पूर्वी तिथे प्रयोगांची ओळ वेगळी असे. आवृत्तीतला मधला आकडा विषम असेल तर ती विकासाची, सम असेल तर ती वापरायची. 2.5 ही विकासाची ओळ नोव्हेंबर 2001 मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून 2.6 बाहेर पडायला डिसेंबर 2003 उजाडला. एवढा काळ वापरणाऱ्यांना थांबवणे शक्य नव्हते, म्हणून लिनक्सचे संच विकणाऱ्या कंपन्या नव्या ओळीतले बदल स्वतःच उचलून जुन्या आवृत्तीत घालत बसल्या. पुढे ती पद्धत सोडून दिली गेली. आता दोन आठवडे नवे बदल घेतात, नंतर दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती काढत फक्त दुरुस्त्या करतात, आणि नऊ-दहा आठवड्यांत नवी आवृत्ती बाहेर पडते.

आता दुसरी बाजू. कपातीचे नवे मॉड्यूल करणाऱ्या एकाने शुक्रवारी संध्याकाळी अर्धे काम डेव्हलपमेंट ब्रँचवर मर्ज केले, म्हणजे सगळ्यांच्या कोडमध्ये मिसळले, आणि तो गावी गेला. बिल्ड होत होता, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होत होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. पण बिल छापायला गेले की प्रोग्राम बंद पडत होता, कारण कपातीची बेरीज करणारा भाग अजून लिहायचाच होता. शनिवारी बाकीचे प्रोग्रामर अडकले, कारण प्रत्येकाच्या कामाची वाट कुठे ना कुठे बिलावरूनच जाते. मी वेगळ्याच गोष्टीची चाचणी करत होते, तीही थांबली. त्या मॉड्यूलबद्दल मी जितक्या चुका नोंदवल्या त्या सगळ्यांवर सोमवारी एकच उत्तर आले: "ते अजून व्हायचंय." आणि या ढिगाखाली एक खरी चूक दबून राहिली. 31 दिवसांच्या महिन्यात शेवटचे बिल 11 दिवसांचे होते, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ. त्या मॉड्यूलने दहा दिवस ठोकून धरले होते. ती चूक दाखवली एका संस्थेच्या सचिवांनी, ज्यांच्याकडे आम्ही आवृत्ती चाचणीसाठी बसवून दिली होती. "31 तारखेचं दूध कुठं गेलं?" असा त्यांचा फोन आला.

टेस्टरचे लक्ष ही मोजून मिळणारी गोष्ट आहे, हे आमच्या क्षेत्रात फार कमी जणांना कळते. 'हे अजून व्हायचे आहे' अशा वीस गोष्टी पाहिल्यावर एकविसावी खरी चूकही तशीच वाटते. अपुरा कोड देताना काय अपुरे आहे ते लिहून न देणे म्हणजे ते लक्ष वाया घालवणे. माझी मागणी फार नाही. मर्जच्या संदेशात दोन ओळी लिहा. पहिलीत काय तपासायचे ते, दुसरीत काय तपासायचे नाही ते. 'दर बरोबर निघतो का बघा. कपात, छपाई, एसएमएस बघू नका.' एवढ्याने माझा अर्धा दिवस वाचतो.

लिनक्समध्ये याची मोठी शिस्त आहे आणि मला तिचा मनापासून आदर वाटतो. 2008 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलमध्ये 'स्टेजिंग' नावाचा एक वेगळा विभाग सुरू केला. दर्जाला अजून न उतरलेले ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारे प्रोग्राम, तिथे ठेवले जातात. तिथल्या ड्रायव्हरबरोबर काय काय करायचे राहिले आहे याची यादी असलेली 'टूडू' फाइल द्यावी लागते. शिवाय त्यातला एखादा ड्रायव्हर चालवला की चालू कर्नलवर तशी खूण उमटते, आणि पुढे कोणी चुकीची तक्रार केली तर ती खूण तक्रारीत दिसते. म्हणजे अपुरेपण लपत नाही, आणि त्याचा दोष दुसऱ्याच्या पूर्ण कामावरही येत नाही. त्याच वर्षी स्टीफन रॉथवेल यांनी 'लिनक्स-नेक्स्ट' सुरू केले. अनेकांच्या ब्रँच रोज एकत्र करून त्यांचे एकमेकांशी जुळते का ते पाहायचे. तिथला नियम मात्र वेगळा आहे. पुढच्या आवृत्तीत जाण्याच्या लायकीचे झालेलेच तिथे यावे, आणि एखाद्या ब्रँचमुळे बिल्ड मोडला तर ती त्या दिवसापुरती बाजूला ठेवली जाऊ शकते. डेबियन या लिनक्सच्या एका संचामध्येही तसेच. कच्चे पॅकेज 'एक्सपेरिमेंटल'मध्ये, नेहमीचे 'अनस्टेबल'मध्ये, आणि तिथे काही दिवस गंभीर तक्रारीशिवाय काढल्यावर ते 'टेस्टिंग'मध्ये सरकते.

आमच्यासारख्या लहान कंपनीला एवढ्या पायऱ्या परवडणार नाहीत. दोन मात्र लागतातच. एक सगळ्यांची डेव्हलपमेंट ब्रँच, आणि दुसरी कच्ची ब्रँच, जिथून मी एकट्या प्रोग्रामरचे काम माझ्या मशीनवर घेऊन बघू शकते. पुष्कळदा प्रोग्रामरला हवे असते फक्त टेस्टरचे मत. त्यासाठी सगळ्यांच्या ब्रँचवर जायची गरजच नसते. 'मॅडम, माझी ब्रँच घेऊन बघता का?' एवढे विचारले तरी काम होते. संकोचापोटी किंवा घाईपोटी ते विचारले जात नाही.

मग सगळ्यांच्या ब्रँचवर अपुरे काम यावे तरी कधी? माझ्या मते पहिली अट ही की, काल जे चालत होते ते आज चालले पाहिजे. नुसता बिल्ड झाला म्हणजे झाले असे नाही. आमच्याकडे मी एका संस्थेचा जुना डेटा, नावे काढून, बाजूला ठेवला आहे. मर्ज करण्याआधी त्यावर दहा दिवसांचे बिल काढायचे आणि ते जुन्या बिलाशी पैशापर्यंत जुळले पाहिजे. नवे काम किती अपुरे आहे याची मला फिकीर नाही. जुने बिल एका पैशाने हलले तर मर्ज नाही. याचा आणखी एक फायदा असतो. गिटमध्ये बायसेक्ट नावाची सोय आहे. चूक नेमकी कोणत्या बदलापासून आली हे ती मधोमध निम्मे निम्मे करत शोधते, त्यामुळे हजार बदलांतून साधारण दहा पायऱ्यांत चोर सापडतो. पण मधले काही बदल चालतच नसतील तर त्या पायरीवर 'चूक आहे की नाही' हेच सांगता येत नाही. म्हणूनच कर्नलमध्ये बदलांची मालिका पाठवताना तिच्यातला प्रत्येक तुकडा लागल्यावर कर्नल बांधता आणि चालवता यावा, असा आग्रह असतो. डेव्हलपमेंट ब्रँचवर एक मोडका दिवस टाकणारा प्रोग्रामर पुढे सहा महिन्यांनी चूक शोधणाऱ्याची वाट अडवत असतो.

दुसरी अट अशी की, अपुरे काम उभे कापलेले असावे. एक उत्पादक, एक वेळचे दूध, एक दर, आणि बिलावर एक आकडा. बारीक का होईना, वरपासून खालपर्यंत जाणारी वाट. याउलट सगळ्या स्क्रीन तयार आहेत पण हिशेब नाही, किंवा सगळी टेबले तयार आहेत पण त्यात काही भरता येत नाही, अशा आडव्या थरावर मी काय सांगणार? बटणाचा रंग सांगेन. आमच्याकडचे सगळ्यात चांगले उदाहरण जानेवारी 2024 मधले आहे. राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले, तेव्हा उत्पादकाचे आधारशी जोडलेले बँक खाते आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक ही माहिती हवी होती. वेळ थोडा होता. आमच्या प्रोग्रामरने पहिल्यांदा फक्त बिल्ल्याचा क्रमांक घेणारी आणि जतन करणारी एक ओळ करून दिली, बाकी काही नाही. मी संस्थांकडून आलेल्या खऱ्या याद्या त्यात घालून पाहिल्या आणि लगेच कळले की निम्मे क्रमांक बिघडलेले आहेत. एक्सेलमध्ये 12 अंकी संख्या साध्या खान्यात लिहिली की ती ई घातलेल्या आखूड रूपात दिसते, आणि तशीच सीएसव्ही म्हणून, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, जतन केली की शेवटचे अंक कायमचे जातात. सचिवांनी रात्री जागून भरलेल्या याद्या होत्या त्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळ्या संस्थांना फोन करून खाना आधी 'टेक्स्ट' करायला सांगितले. सगळे मॉड्यूल पूर्ण होईपर्यंत थांबलो असतो तर हे पैसे वाटायच्या वेळी कळले असते.

मराठी छपाईचेही असेच. "मराठी प्रिंट शेवटी करू" हे वाक्य मी प्रत्येक कंपनीत ऐकले आहे आणि दर वेळी ते महागात पडलेले पाहिले आहे. 'कुऱ्हाडे', 'गोऱ्हे' यांसारख्या नावांतला ऱ्ह संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्यामागे झेडडब्ल्यूजे नावाचे न दिसणारे अक्षर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक टाइप केले तर दुसरे सापडत नाही. सचिव बदलला, त्याचा कीबोर्ड वेगळा असला, की जुना सभासद सापडत नाही म्हणून नवे खाते उघडले जाते, आणि एकाच माणसाचे दूध दोन खात्यांत विभागते. नाव साठवण्याची पद्धत ठरते त्याच दिवशी हे तपासायला हवे. त्यासाठी एक नाव घेणारी आणि एक पावती काढणारी अपुरी आवृत्ती पुरते.

अपुरे काम झाकून ठेवण्यासाठी फीचर फ्लॅग वापरतात, म्हणजे कोड आत असतो पण एक खूण चालू केल्याशिवाय तो जागा होत नाही. पद्धत चांगली आहे, आम्हीही वापरतो. पण तिच्याबद्दल मुलांना धोकाही सांगायला हवा. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीला नवा कोड आठ सर्व्हरांवर टाकायचा होता, तो सातांवरच गेला. नव्या कोडने अनेक वर्षे न वापरलेल्या जुन्या कामाचा फ्लॅग पुन्हा वापरला होता. आठव्या सर्व्हरवर तो जुना कोड तसाच पडून होता. फ्लॅग चालू होताच तो जागा झाला आणि सुमारे 45 मिनिटांत 40 लाखांहून अधिक व्यवहार करून बसला. तोटा 44 कोटी डॉलरच्याही वर गेला आणि कंपनी दुसरीच्या हाती गेली. तेव्हा फ्लॅग लावला की अपुरे काम निर्धोक झाले, असे कोणी मानू नये. प्रत्येक फ्लॅगला नाव वेगळे हवे, तो कोण काढणार आणि कधी काढणार हे लावतानाच लिहिलेले हवे, आणि काम सोडून दिले तर कोडसुद्धा काढून टाकला पाहिजे.

काही गोष्टी मात्र अपुऱ्या अवस्थेत सामायिक ब्रँचवर येऊच नयेत असे माझे ठाम मत आहे. जुना डेटा नव्या रचनेत बदलणारा कोड, डेटा पुसणारा कोड, आणि लॉगिन. चाचणीचा डेटाबेस आमच्याकडे एकच आहे. त्यावर अर्धवट रूपांतर चालले की सगळ्यांचा डेटा जातो आणि तो पुन्हा उभा करण्यात दिवस मोडतो. असे काम स्वतःच्या प्रतीवर करावे, परत मूळ रूपात आणायची वाट सिद्ध करून दाखवावी, आणि मगच आणावे. वारही पाहावा. शुक्रवारी संध्याकाळी नाही, आणि बिलाच्या दिवशी, म्हणजे 1, 11 आणि 21 तारखेला नाही. त्या दिवशी संस्थांचे फोन चालू असतात आणि चालू आवृत्तीतली तातडीची दुरुस्ती त्याच माणसांना करायची असते.

हे सगळे नियम सांगता येतात, पण मुले काम लपवतात त्याचे मूळ वेगळे आहे. मी पूर्वी पुण्यात ज्या कंपनीत होते तिथे वर्षाच्या मूल्यमापनात प्रत्येक प्रोग्रामरच्या नावावर किती बग निघाले ते मोजले जाई. परिणाम व्हायचा तोच झाला. कोणीही काम शेवटच्या दिवसाआधी टेस्टिंगला देत नसे. काही जण टेस्टरला बाजूला घेऊन, 'सिस्टीमवर टाकू नका, मला तोंडी सांगा' असे म्हणत. तोंडी सांगितलेली चूक दुसऱ्या कोणाला कळत नसे आणि तीच चूक शेजारचा प्रोग्रामर पुन्हा करत असे. आपले काम अपुरे आहे असे जो स्वतः लिहून देतो, त्याच्या त्या कामात निघालेल्या चुका त्याच्या खात्यावर धरणे हा अन्याय आहे. लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांच्या प्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे की, अपुरे म्हणून जाहीर केलेल्या कामातले बग मूल्यमापनातून वगळा. न सांगता इतरांचा बिल्ड मोडला तर जरूर जाब विचारा.

याची सुरुवात कॉलेजातच होते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट वर्षभर कोणी बघत नाही. वर्षाअखेरीस ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बांधून येते, बाहेरचे परीक्षक थोडा वेळ स्क्रीन बघतात, आणि ती न अडखळता चालली की गुण मिळतात. अपुरे काम दाखवणे म्हणजे नापास होणे, हेच त्या मुलाच्या मनात बसते, आणि तो तेच घेऊन आमच्याकडे येतो. आमच्या भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी एवढे करून पाहावे. सप्टेंबरात एका गटाचे अपुरे काम दुसऱ्या गटाला तपासायला द्यावे, सोबत त्या दोन ओळी लिहून, आणि गुणांतला काही भाग त्यासाठी ठेवावा. प्रोजेक्टच्या गिटचा इतिहास परीक्षकांनी उघडून बघावा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदाच टाकलेला कोड आणि वर्षभर थोडा थोडा आलेला कोड यांतला फरक तिथे लगेच दिसतो.

सध्या आमच्याकडे दिवाळीच्या फरक बिलाचे काम चालू आहे. वर्षभर घातलेल्या दुधावर संस्था दिवाळीआधी सभासदांना जो फरक देते, त्याचा हिशेब. वर्षात एखाद्याने खाते मुलाच्या नावावर केलेले असते, कोणी मधले काही महिने दूध घातलेले नसते, गाय आणि म्हैस यांचे दर वेगळे असतात. हे काम करणाऱ्या मुलीला मी सांगितले आहे की, स्क्रीन आणि छपाई राहू दे. एका उत्पादकाचे वर्षाचे लिटर आणि त्यावर निघणारी एक रक्कम, एवढेच या आठवड्यात डेव्हलपमेंट ब्रँचवर आण, जुने बिल जुळते का ते पाहून. एका संस्थेने गेल्या वर्षीची छापील फरक यादी आम्हाला दिली आहे. मी तिच्यातली वर्षात खाते बदललेली नावे आधी घेणार आहे.

आपली नम्र,
एक सॉफ्टवेअर टेस्टर
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर
(सहकाऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)